नवऱ्याच्या कार्डावरून नाव गेल्यावर दवाखान्याचं काय?

फारकतीच्या वेळी पोटगी, मुलं, दागिने, भांडीकुंडी या सगळ्याची बोलणी होतात. दवाखान्याचा विषय कोणी काढत नाही. आमच्या गटांतल्या घटस्फोट झालेल्या बऱ्याच जणींना आपलं नाव नवऱ्याच्या कार्डावर होतं, हे ॲडमिट व्हायची पाळी आली तेव्हाच कळलं. म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

नवरा कारखान्यात असेल आणि त्याच्या पगारातून ईएसआय कापला जात असेल, तर बायको म्हणून आपल्याला उपचार मिळतात. घटस्फोट झाला की ते बंद. मुलांचं मात्र तसं नाही. वडिलांवर अवलंबून असलेली लहान मुलं त्यांच्या कार्डावर राहू शकतात. तेव्हा रागाच्या भरात मुलांची नावं काढून घेऊ नका. नवऱ्याने कंपनीतून किंवा खासगी फॅमिली पॉलिसी घेतली असेल, तर तिची मुदत संपायच्या आत त्याच विमा कंपनीला लेखी विचारा, की मला माझी स्वतंत्र पॉलिसी करून द्या. त्याला मायग्रेशन म्हणतात. जुन्या पॉलिसीत जितकी वर्षं काढली, ती नव्या पॉलिसीच्या थांबण्याच्या काळातून वजा होतात. म्हणून ही संधी सोडायची नाही.

आता आपल्यातल्या बहुतेकींचं. आपला खरा आधार सरकारी योजनेचा, आणि तिचं मूळ रेशनकार्डात आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना १ जुलै २०२४ पासून पिवळ्या, केशरी आणि पांढऱ्या अशा तिन्ही कार्डांना लागू झाली. एका कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. पण हे उपचार ठरलेल्या यादीतले आणि योजनेतल्या दवाखान्यांतच. नुसत्या ताप-खोकल्याच्या गोळ्या यात येत नाहीत. दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं, आधी तिथे जायचं. कुठला दवाखाना योजनेत आहे हे १५५३८८ या नंबरवर फुकट विचारता येतं.

अडचण येते ती नावाची. नाव एका वेळी एकाच रेशनकार्डावर असतं. सासरच्या कार्डावरून कमी झाल्याशिवाय ते दुसरीकडे चढत नाही, आणि सासरचे लोक तालुक्याला जाऊन तुमच्यासाठी अर्ज देतील ही आशा धरू नका. कोर्टाचा हुकूमनामा, आधारकार्ड आणि राहण्याचा पुरावा घेऊन तहसीलच्या पुरवठा शाखेत स्वतः अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा. शंभराच्या स्टॅम्पवर लिहून घेतलेली फारकत तिथे सहसा चालत नाही, हुकूमनामाच मागतात.

नाव माहेरच्या कार्डात घालायचं की वेगळं कार्ड काढायचं? आम्हाला विचाराल तर वेगळं. ५ लाखांची मर्यादा एका कार्डावरच्या सगळ्यांची मिळून असते. वडिलांचं ऑपरेशन, भावाचं आजारपण त्याच वर्षी निघालं तर तुमच्यासाठी काय उरणार? अन्न सुरक्षा कायद्यात तर घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाईच रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख धरली आहे. कार्ड हातात आलं की सेवा केंद्रात जाऊन आयुष्मान कार्डही करून घ्या.

एक गैरसमज बैठकीत नेहमी निघतो. "ताई, माझे बँकेतून २० आणि ४३६ रुपये कापतात, माझा विमा आहे." ते चालू ठेवाच, पण तो दवाखान्याचा विमा नाही. २० रुपयांचा अपघाताचा, तर ४३६ चा मृत्यूनंतर घरच्यांना २ लाख देणारा. उद्या ताप आला, पिशवीचं ऑपरेशन निघालं, तर त्यातून एक रुपया मिळत नाही. आणि दोन्हींत वारस म्हणून अजून पहिल्या नवऱ्याचंच नाव आहे का, तेही बँकेत बघून या.

हातात थोडे पैसे असतील तर खासगी पॉलिसी बघायला हरकत नाही. आरोग्य संजीवनी नावाची साधी पॉलिसी विमा कंपन्यांकडे मिळते, नियम सगळीकडे सारखेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही गेला. पण घेतली आणि लगेच ऑपरेशन केलं, असं चालत नाही. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. गर्भाशय काढणं, मोतीबिंदू, हर्निया यांना त्यात २ वर्षं थांबावं लागतं. आधीपासून असलेल्या साखर-बीपीसाठी जास्तीत जास्त ३ वर्षं. एजंट म्हणेल, "साखरेचं लिहू नका, हप्ता वाढेल." त्याचं ऐकू नका. लपवलेलं निघालं तर क्लेम नाकारतात, आणि तेव्हा एजंट फोन उचलत नाही. पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते.

तुम्ही स्वतः एखाद्या युनिटमध्ये कामाला जात असाल, तर तेही तपासा. १० किंवा जास्त माणसं कामाला असलेला कारखाना आणि महिना २१,००० पर्यंत पगार असेल, तर ईएसआय तुमच्याच नावाने निघायला हवा. तुमच्या पगारातून पाऊण टक्का, मालकाचे सव्वातीन टक्के. मग मुलं आणि तुमच्यावर अवलंबून असलेले आईवडील तुमच्या कार्डावर येतात. आई ७० च्या पुढची असेल तर उत्पन्न न बघता तिचं वेगळं आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. सेवा केंद्रात जाताना तिचं आधारकार्डही बरोबर घ्या, एका खेपेत दोन्ही कामं होतील.