कर्स्टनबॉशच्या पायवाटा

आपल्याकडे गणपती बसले होते तेव्हा आम्ही दक्षिण आफ्रिकेत, केपटाउनला होतो. तिथे सप्टेंबरात वसंत सुरू होतो. टेबल माउंटनच्या पूर्व उतारावर कर्स्टनबॉश हे वनस्पती उद्यान आहे. बरोबर माझा थोरला भाऊ होता. काचबिंदूने दादाची नजर जवळजवळ गेली आहे. त्याला बागेत नेऊन काय दाखवणार, असे घरात सगळ्यांना वाटत होते. खरे सांगायचे तर मलाही.

चढावर कापराच्या झाडांचा रस्ता लागतो. सेसिल ऱ्होड्स यांनी १८९८ मध्ये ती लावली. मी खाली पडलेले पान चुरगाळून दादाच्या हातात दिले. “अरे, हा तर आरतीचा कापूर!” तो म्हणाला. गंमत अशी, की आम्हाला ओळखीचा असलेला हा कापूर त्या बागेत उपरा आहे. १९१३ मध्ये उद्यान सुरू झाले ते मुळी त्या देशातल्याच वनस्पती जपण्यासाठी. कापराची झाडे त्याआधीची, म्हणून राहिली.

इथे झाडे विषयवार लावली आहेत. प्रोटिया एकीकडे, एरिका दुसरीकडे, औषधाला आणि रोजच्या वापराला येणाऱ्या वनस्पती आणखी वेगळ्या. सुगंधी वनस्पतींच्या बागेत वाफे कमरेएवढे उंच बांधले आहेत. वाकायचे नाही, पानाला हात लावायचा आणि बोटे नाकाशी न्यायची. आपण कुंडीत ज्याला जिरेनियम म्हणतो, त्याचे मूळ घर हाच देश. एका पानाला गुलाबाचा वास, दुसऱ्याला लिंबाचा. दादा तिथून हलेना. जवळच जंगलातून ब्रेल पायवाट जाते. दादाला ब्रेल येत नाही; उतारवयात दृष्टी गेलेल्या कितीजणांना येते? पाट्या मीच वाचून दाखवल्या.

वरच्या अंगाला रानबदामाचे एक जुने कुंपण आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी यान व्हान रीबेक याने १६६० मध्ये ते लावले. वसाहतीची हद्द आखायची आणि खोइखोइ गुराख्यांना गुरांसह बाहेर ठेवायचे, हा हेतू. त्या लोकांच्या दृष्टीने ती गायरानावर मारलेली रेघ होती. त्याचा काही भाग अजून जिवंत आहे. फांद्या जमिनीला टेकून पुन्हा वर गेल्या आहेत. कुंपण कसले, जाळीच झाली आहे. त्याचे बी कडू आणि विषारी; खोइखोइ मात्र ते बराच काळ पाण्यात भिजवून, भाजून खात. ज्यांना अडवायला ते झाड लावले, त्यांनाच ते खायचे कसे हे ठाऊक होते!

उंच झाडांच्या शेंड्यांमधून जाणारा ‘बूमस्लांग’ नावाचा पूल २०१४ पासून आहे. बहुतेक लोक आधी तिकडेच धावतात. आम्ही सायकॅडकडे वळलो. आपल्याकडे बंगल्यांच्या दारात सायकस लावतात, त्याची ही आफ्रिकेतली भावंडे. उद्यानाचे पहिले संचालक हॅरल्ड पिअर्सन यांनी सुरुवातीलाच ती इथे लावली. त्यांत एक झाड पोलादी पिंजऱ्यात आहे: एन्सेफॅलार्टोस वुडी.

सायकॅडमध्ये नर झाड वेगळे, मादी वेगळी. दोन्ही असल्याशिवाय बी धरत नाही. १८९५ मध्ये जॉन मेडली वुड यांना ओंगोयेच्या जंगलात या जातीचे एकच बेट सापडले, तेही नर. आज जगभरच्या उद्यानांत जी झाडे आहेत, ती सगळी त्याच्याच पिल्लांपासून वाढवलेली, केळीचे मुनवे काढून लावतो तशी. म्हणजे सगळी नरच. पिंजरा कशासाठी, तर चोरांसाठी. दुर्मीळ सायकॅडना चोरबाजारात मोठी किंमत येते. २०१४ च्या ऑगस्टमध्ये याच उद्यानातून दुसऱ्या एका दुर्मीळ जातीची २४ झाडे चोरीला गेली.

मी हे सगळे सांगत असताना दादा गप्प होता. मग त्याने विचारले, “मादी कुणी शोधली नाही का?”

शोधतात. साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी ड्रोनमधून ओंगोयेच्या जंगलाची छायाचित्रे घेतली, संगणकाकडून तपासून घेतली. २०२४ पर्यंत जंगलाचा थोडाच भाग पाहून झाला होता, आणि त्यात ती नव्हती.

“मग अजून जंगल शिल्लक आहे,” दादा म्हणाला, आणि पुन्हा त्या सुगंधी बागेकडे चल म्हणून माझा हात ओढू लागला.