पहिल्या घराचे पडदे : आधी मर्यादा, मग मोजमाप

गेल्या वर्षी आमच्या धाकट्या कन्येने व जावयांनी कोल्हापुरात आपले पहिले घर घेतले. दोन शयनगृहांची सदनिका, डोक्यावर वीस वर्षांचे गृहकर्ज आणि गृहप्रवेशाला अवघे सहा आठवडे. अशा घाईच्या दिवसांत अंतर्गत सजावट करणाऱ्या एका व्यावसायिकाने त्यांच्या हाती पडद्यांचे अंदाजपत्रक ठेवले. रक्कम होती १ लाख १२ हजार रुपये. कन्येचा चेहरा उतरला, परंतु त्या गृहस्थांनी लगेच धीर दिला, “ताई, एवढी रक्कम गृहकर्जातच वाढवून घ्या. महिन्याला हजार रुपयेसुद्धा पडणार नाहीत.”

संध्याकाळी तिचा फोन आला. “बाबा, हजारही नाहीत म्हणतात. खरे आहे का ते?”

ते खरे होते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी १ लाख १२ हजार रुपये घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ९७२ रुपयेच येतो. मात्र २४० हप्त्यांची बेरीज केली, तर ती २ लाख ३३ हजारांच्या घरात जाते. पश्चिमेच्या उन्हात टांगलेले कापड सात-आठ वर्षे टिकले, तरी आपण त्यावर समाधान मानतो. म्हणजे पडदे विरून पायपुसणे झाल्यावरही त्यांचा हप्ता आणखी बारा वर्षे चालूच राहणार! बँकेच्या कर्जविभागात बसून मी असे अनेक हप्ते मांडले आहेत. घर हे दीर्घ मुदतीचे कर्ज काढून घेण्याजोगे आहे, पडदे नाहीत. ज्या वस्तूचे आयुष्य लहान, तिचे कर्जही लहान असावे. आणि जमल्यास नसावेच.

मर्यादा दुकानात जाण्यापूर्वी

आपल्या श्रावकव्रतांत परिग्रह-परिमाण आहे. त्याचा एक व्यावहारिक अर्थ मला फार महत्त्वाचा वाटतो. परिमाण हे वस्तू समोर येण्यापूर्वी ठरवावयाचे असते. कापडाची शंभर थाने समोर उलगडल्यावर ठरवलेली मर्यादा ही मर्यादा नसते, ती तडजोड असते. म्हणून मी दोघांना एवढेच सांगितले की, आधी आकडा वहीत लिहा, मग घराबाहेर पडा. जावयांचे स्वतःचे लहानसे दुकान आहे. व्यापारात मंदीचे महिने येतात आणि हप्ता मात्र मंदी पाहत नाही, हे ते जाणतात. त्यांनी २० हजारांचा आकडा लिहिला. कन्या गप्प राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, “गृहप्रवेशाला सासरची सगळी मंडळी येणार. उघड्या खिडक्या पाहून काय म्हणतील?”

तिचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. नव्या घरात मुलीला आपला मान राखावासा वाटतो, यात गैर काही नाही. आमच्या सौभाग्यवतींनी त्यावर तोडगा काढला. मांजरपाट आणून, कडा दुमडून, दोरीवर ओवून त्यांनी सर्व खिडक्यांना तात्पुरते पांढरे पडदे केले. पुढे तेच कापड अस्तराच्या कामी येणार होते, त्यामुळे वाया काहीच गेले नाही. गृहप्रवेशाच्या दिवशी एका काकूंनी विचारलेच, “पडदे राहिले वाटते?” कन्येने हसून उत्तर दिले, “काकू, ऊन कुठून येते ते आधी पाहतोय.” त्यावर काकूंनी स्वतःच्या घरच्या विटलेल्या पडद्यांची कहाणी सांगितली आणि विषय तेथेच संपला.

महिनाभर घराकडे पाहावे

नव्या घरात राहावयास जाऊन महिनाभर थांबणे, हा पडद्यांच्या बाबतीत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयुक्त सल्ला आहे. कोणत्या खिडकीत सकाळचे कोवळे ऊन येते, कोणती खिडकी दुपारी तीननंतर तापते, समोरच्या इमारतीतून कोठे नजर पोहोचते, पावसाची झड कोणत्या बाजूने येते, या गोष्टी रिकाम्या सदनिकेत उभे राहून कळत नाहीत. आमच्या कन्येच्या घरी स्वयंपाकघराच्या खिडकीला पडदा नकोच, असे दिसून आले. समोर कोणाचे घर नाही, आणि शेगडीजवळ लोंबते कापड ठेवणे धोक्याचेही आहे. याउलट पश्चिमेचे शयनगृह आणि त्याच बाजूची सज्जाची खोली यांना खरी गरज होती.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आतला पडदा झळाळी अडवतो, पण उष्णता पूर्णपणे अडवू शकत नाही. कारण काचेतून आत आलेली उष्णता खोलीतच राहते. ऊन काचेच्या बाहेर अडवले, तर लाभ अधिक. जुन्या घरांतील ओसरी, छज्जा आणि वाळ्याचे पडदे हेच काम करीत. म्हणून सज्जात बाहेरच्या बाजूस बांबूची चिक लावावी. मात्र इमारतीच्या दर्शनी भागासंबंधी सोसायटीचे नियम आधी विचारून घ्यावेत. जेथे बाहेर काही लावता येत नाही, तेथे पडद्याला पांढरे अस्तर जोडून ती बाजू काचेकडे करावी. पांढरा रंग काही प्रमाणात ऊन परत फेकतो आणि पुढच्या कापडाचा रंगही टिकतो.

मोजमाप : माझी चूक, इतरांचा लाभ

आमच्या पहिल्या घराचे पडदे मी स्वतः मोजले होते. कापडी फितीने, खिडकीच्या नेमक्या मापाचे आणि सुती. शिवण्यापूर्वी कापड भिजवावे लागते, हे तेव्हा सुचले नाही. पहिल्या धुण्यातच ते चार बोटे आटले आणि पुढची कित्येक वर्षे खिडकीच्या खालच्या पट्टीतून रस्ता आमच्या घरात डोकावत राहिला. त्या अनुभवातून शिकलेले नियम येथे देतो.

माप लोखंडी टेपने, इंचांत आणि तीन ठिकाणी घ्यावे. नव्या बांधकामातही खिडक्या क्वचितच काटकोनात असतात. दांडी खिडकीपेक्षा दोन्ही बाजूंनी सहा-सहा इंच अधिक असावी. त्यामुळे पडदे सारल्यावर ते भिंतीवर विसावतात आणि खिडकी पूर्ण मोकळी होते. कापडाची रुंदी दांडीच्या दुप्पट धरावी. त्याहून फार कमी धरल्यास चुण्या पडत नाहीत आणि पडदा ताणलेल्या चादरीसारखा दिसतो.

उदाहरण घेऊ. खिडकी पाच फूट रुंद असल्यास दांडी सहा फूट, म्हणजे ७२ इंच. दुप्पट केल्यास १४४ इंच. पडद्याच्या कापडाचा पन्हा साधारणतः ४८ इंचांचा मिळतो, म्हणून तीन पन्हे लागतील. उंचीत वरची दुमड चार इंच आणि तळाची पाच इंच मिळवावी. कन्येच्या खिडकीसाठी हे माप ६७ इंच, म्हणजे १.७ मीटर आले. तीन पन्ह्यांना ५.१ मीटर, आटण्याचा हिशेब धरून साडेपाच मीटर कापड घेतले. मोठ्या नक्षीचे कापड घेतल्यास फुलाला फूल जुळविण्यात कापड वाया जाते. साधे किंवा बारीक नक्षीचे कापड म्हणूनही स्वस्त पडते. आयलेटचा पडदा असेल, तर प्रत्येक भागावरील रिंगा सम संख्येत असाव्यात, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात.

कापडाची पारख

आपल्या वाचकांपैकी अनेकांचा कापडाचा व्यापार पिढीजात आहे. त्यांच्यासमोर कापडावर बोलणे धाडसाचेच. तरी नव्या जोडप्यांसाठी थोडे सांगतो. शुद्ध सुती कापड डोळ्यांना सुखद असते. परंतु ते आटते, उन्हात विटते आणि कोल्हापूरच्या पावसाळ्यात दमट होऊन त्यावर बुरशीचे ठिपके पडतात. पॉलिएस्टर आटत नाही, लवकर वाळते, स्वस्तही असते. मात्र त्याची चमक सर्वांना रुचत नाही. दोहोंच्या मिश्रणाचे कापड शयनगृहासाठी सोयीचे. इचलकरंजीसारखे यंत्रमागाचे केंद्र जवळ असताना, ओळखीच्या व्यापाऱ्याकडे थानाचा शेवटचा तुकडा विचारण्यात संकोच करू नये. दहा-बारा मीटरचा तुकडा त्याला अडचणीचा असतो आणि आपल्याला तेवढाच हवा असतो.

अंदाजपत्रकात दिवाणखान्यासाठी ‘रॉ सिल्क’ लिहिले होते. त्या नावाने बाजारात बहुधा पॉलिएस्टरच विकले जाते. पण कापड खरोखर रेशमी असेल, तर कोशातील जिवांच्या हत्येचा प्रश्न आपल्यापुढे येतो. शंका असल्यास नमुन्याचा एक धागा काढून मोकळ्या जागी जाळून पाहावा. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो, सुताला कागद जळल्यासारखा, आणि पॉलिएस्टर वितळून त्याची कठीण गुठळी होते. नावावर विसंबण्यापेक्षा ही परीक्षा बरी.

अहिंसेचा विचार कापडापाशी थांबत नाही. पडद्याआधी खिडकीला जाळी लावावी. दिवेलागणीनंतर घरातील उजेडाकडे कीटक झेपावतात. जाळी असली आणि पडदे वेळेवर ओढून घेतले, तर ते दिव्याभोवती मरत नाहीत. पडदा जमिनीवर लोळवू नये. खाली इंचभर जागा राहिल्यास धूळ, मुंग्या आणि सूक्ष्म जीव त्यात अडकत नाहीत. आपले साधू-साध्वी वस्त्रांचे प्रतिलेखन करतात. आपण निदान पडदे धुण्यास टाकण्यापूर्वी ते सज्जात हलक्या हाताने झटकून, चुण्या उलगडून पाहावेत. चातुर्मासात तर अवश्य.

ट्रंकेतील लुगडी

दिवाणखान्याचे सरकते दार आठ फूट रुंद. नऊ फुटांची दांडी धरली, तर जवळजवळ जमिनीपर्यंतचे पाच पडदे हवेत. मिश्र कापडाचा हिशेब आम्ही मांडत असताना सौभाग्यवतींनी ट्रंक उघडली. माझ्या मातोश्रींची दोन सुती लुगडी तीत होती, कोणी नेसणार नव्हते आणि टाकवतही नव्हते. नऊ वारांचे लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर. एका लुगड्यात अडीच मीटरचे तीन भाग निघतात. दोहोंचे सहा भाग झाले. पाच दारासाठी आणि सहावा स्वयंपाकघराच्या आतील दाराला.

जुने कापड वापरताना काळजी मात्र घ्यावी लागते. घडीच्या रेषेवर सूत कुजलेले असते. उजेडासमोर धरून पाहावे, हलके ताणून पाहावे. धागे सुटत असतील तर त्या लुगड्याचा मोह सोडावा. आमची दोन्ही उत्तम निघाली. उन्हापासून संरक्षणासाठी मागे मांजरपाटाचे अस्तर घातले. कन्या काही वेळ त्या काठांवरून हात फिरवीत राहिली आणि म्हणाली, “आजी याच काठाला डोळे पुसायची.” अंदाजपत्रकाचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

अखेरचा हिशेब

दोन शयनगृहांचे ११ मीटर कापड, मीटरला २६० रुपयांप्रमाणे २,८६० रुपये. अस्तराचा मांजरपाट १८ मीटर, ७० रुपयांप्रमाणे १,२६०. बारा भागांची शिलाई, प्रत्येकी १८०, म्हणजे २,१६०. तीन दांड्या, ब्रॅकेट आणि बसवणी २,८००. सज्जातील बांबूची चिक २,८८०. तीन खिडक्यांची जाळी २,४००. एकूण १४,३६० रुपये.

न्यायाने हेही सांगावयास हवे की, दोन रकमांची तुलना पूर्णतः समान नाही. त्या अंदाजपत्रकात भारी कापड होते आणि एका खिडकीला विजेवर चालणारा पडदाही होता. शिवाय आमची लुगडी घरचीच. त्याऐवजी १५ मीटर कापड विकत घेतले असते, तर ३,९०० रुपये वाढून खर्च १८,२६० झाला असता. तरीही तो वहीतल्या आकड्याच्या आतच राहतो.

उरलेल्या ५,६४० रुपयांचे काय करावे, असे जावयांनी विचारले. मी म्हणालो, ते पडद्यांसाठी नव्हतेच असे समजा आणि कर्जाच्या मुद्दलात भरा. रक्कम लहान आहे. पण पहिल्याच वर्षी मुद्दलात भरलेला रुपया पुढील एकोणीस वर्षांचे आपल्यावरील व्याज वाचवतो. परवा त्यांचा निरोप आला, रक्कम भरली आणि पावती फाइलला लावली. कन्येने खाली एक ओळ जोडली होती, “बाबा, दुपारी तीनला आता खोलीत झोप लागते.”