मारुती कांबळेचा प्रश्न आणि निळूभाऊ

यवतमाळ जिल्हा कापसाचा. पुसद-उमरखेडचा पट्टा सोडला तर उसाचा आणि आपला संबंध फारसा नाही. तरीही 'सामना'मधला साखरसम्राट हिंदूराव धोंडे पाटील आपल्याकडच्या माणसाला कधी परका वाटला नाही. तालुक्याच्या टॉकीजमध्ये किंवा जत्रेतल्या तंबूत जमिनीवर बसून ज्यांनी तो पाहिला, त्यांनी मनातल्या मनात उसाच्या जागी कापूस ठेवला. कारखान्याच्या जागी सोसायटी, जिनिंग आणि सावकाराची पेढी ठेवली. माणूस तोच निघाला. गोड बोलणारा, पाठीवर हात ठेवणारा आणि त्याच हाताने माणूस संपवणारा. हा हिंदूराव उभा केला निळू फुले यांनी.

१३ जुलै २००९ रोजी निळूभाऊ गेले. त्यांच्यानंतर नकलाकारांनी त्यांचे काय केले, ते आपण पाहतोच. खर्जातला आवाज, तिरपी नजर आणि बायांना वाड्यावर बोलावणारा पाटील. टाळ्या पडतात, लोक हसतात. पण ज्या माणसाने आयुष्यभर वाड्याच्या विरोधात काम केले, त्याची ओळख वाड्याचा मालक म्हणून उरावी, हा त्याच्यावर अन्याय आहे.

नीळकंठ कृष्णाजी फुले हे पुण्याचे. वडील लोखंडी सामान आणि भाजीपाला विकून घर चालवत. घरात भावंडे पुष्कळ. निळूभाऊ कोवळ्या वयातच पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळी म्हणून लागले. पगार महिना ८० रुपये. त्यातले १० रुपये ते राष्ट्र सेवा दलाला देत. हा आकडा वाचकांनी लक्षात ठेवावा, शेवटी त्याकडे परत यायचे आहे. स्वतःची रोपवाटिका काढावी ही त्यांची इच्छा होती. भांडवल नव्हते, म्हणून ती राहून गेली.

ते नट झाले ते सेवा दलाच्या कलापथकात. १९५७च्या निवडणूक प्रचारासाठी त्यांनी 'येरा गबाळ्याचे काम नोहे' हा वग लिहिला. पु. ल. देशपांडे यांच्या 'पुढारी पाहिजे'मधला त्यांचा रोंगे गाजला. पुढे 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांना गावोगाव नेले. वगातून, जलशातून समाजाला जागे करण्याची ही रीत आपल्याला नवी नाही. सत्यशोधकांनी जलसे केले, भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला. हातात डफ, समोर दिवसभर राबून आलेला श्रोता आणि सांगायला एक विचार, एवढ्या सामग्रीवर या चळवळी गावाच्या वेशीपर्यंत पोचल्या. निळूभाऊंचा अभिनय याच मुशीतून निघाला. म्हणून तो कधी पुस्तकी झाला नाही.

१९६८ साली अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मधून ते पडद्यावर आले. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांच्या 'सखाराम बाइंडर'मधला सखाराम त्यांनी रंगभूमीवर साकारला. जन्माने ब्राह्मण, पण ब्राह्मण्य झुगारून दिलेला, बायकांना घरात आणून ठेवणारा हा बाइंडर. नाटकावर बंदीचे संकट आले, प्रकरण कोर्टात गेले. ज्या भूमिकेने प्रेक्षक दुरावण्याची भीती होती, ती भूमिका माळीकाम केलेल्या या नटाने निभावून नेली.

मग आला जब्बार पटेलांचा 'सामना'. समोर डॉ. श्रीराम लागूंचा दारुडा मास्तर. तो एकच प्रश्न विचारत राहतो, मारुती कांबळेचे काय झाले? हिंदूराव हसतो, टाळतो, विकत घेऊ पाहतो, धमकावतो. प्रश्न मात्र मरत नाही. पुढे तो प्रश्न महाराष्ट्रात म्हणीसारखा झाला. आपल्या जिल्ह्यात आडनावे वेगळी असतील, पण कांबळे हे नाव ऐकल्यावर वस्तीने त्याला आपला मानला असेल तर नवल नाही. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. तेव्हा विदर्भातल्या प्रत्येक वस्तीने विचारलेला प्रश्न तरी दुसरा कोणता होता?

निळूभाऊंचे मोठेपण इथे आहे. त्यांनी खलनायक राक्षस म्हणून रंगवला नाही. त्याला गावाचा विकास करणारा, लोकांना हवाहवासा माणूस म्हणून दाखवले. सत्ता कशी हसते, कशी चहा पाजते, हे त्यांनी दाखवले. सत्ता ओळखायला शिकणे ही शोषितांची पहिली गरज असते. ते शिक्षण या नटाने दिले.

पण एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. 'सामना'मध्ये मारुती कांबळे हा बहुतेक प्रश्नापुरताच आहे. त्याच्यासाठी बोलतो तो मास्तर, उत्तर द्यायचे ते पाटलाने. कांबळेच्या घरच्यांचे म्हणणे काय, हे मराठी पडद्याने विचारले नाही. उलट हिंदूराव चालला म्हणून पुढच्या निर्मात्यांनी पाटलांची रांग लावली. त्यात प्रश्न गळून पडला, उरला तो वाडा. निळूभाऊंनी त्याही भूमिका केल्या. पोटाचा प्रश्न त्यांनाही होता. 'सिंहासन'मधला पत्रकार दिगू टिपणीस किंवा हिंदीत 'सारांश'मधला राजकारणी पाहिला की कळते, या नटाकडून आणखी किती घेता आले असते.

कांबळेला बोलायला चाळीस वर्षे लागली. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'मध्ये नारायण कांबळे हा लोकशाहीर स्वतःच्या तोंडाने बोलतो, गातो आणि त्यासाठी तुरुंगात जातो. ती भूमिका केली नागपूरचे कार्यकर्ते, 'विद्रोही'चे संपादक वीरा साथीदार यांनी. २०१४ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपट गौरवला गेला, नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एप्रिल २०२१ मध्ये, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने साथीदारांना नेले. एकाने जुलूम करणाऱ्याचा चेहरा दाखवला, दुसऱ्याने ज्याच्यावर जुलूम होतो त्याचा आवाज ऐकवला. दोघेही चळवळीतून आलेले. दोघांना एकत्र पाहिल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

निळूभाऊंनी नाव मिळाल्यावर चळवळ सोडली नाही. डॉ. लागूंसह 'लग्नाची बेडी'चे प्रयोग करून त्यांनी सामाजिक कृतज्ञता निधीसाठी पैसा जमवला. पूर्णवेळ कार्यकर्त्याच्या घरची चूल पेटावी, हा त्या निधीचा हेतू. अखेरच्या काळातला त्यांचा 'गोष्ट छोटी डोंगराएवढी' हा चित्रपट शेतकरी आत्महत्यांवरचा. २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर केले, त्यात यवतमाळ होते. पॅकेज आले नि गेले. शेतकऱ्याचा प्रश्न मारुती कांबळेच्या प्रश्नासारखाच उभा आहे.

आता त्या १० रुपयांकडे येऊ. ८० मधले १० म्हणजे आठवा हिस्सा. आपल्या वस्त्यांत १४ एप्रिलला वर्गणी जमते. त्यातला मोठा भाग डीजे आणि मंडपावर जातो. दुसरीकडे ज्यांनी रात्र रात्र गायन पार्ट्या करून बाबासाहेब खेड्यापाड्यांत पोचवले, ते म्हातारे कलावंत औषधाच्या चिठ्ठ्या घेऊन दारोदार फिरतात. वणी, पुसद, दारव्हा, घाटंजी, पांढरकवडा, कुठल्याही तालुक्यात असा एक तरी कलावंत सापडेल.

तेव्हा पुढच्या जयंतीला दोन कामे करावीत. विहारात एके रात्री 'सामना' आणि दुसऱ्या रात्री 'कोर्ट' दाखवावा आणि पोरांना त्यावर बोलू द्यावे. आणि वर्गणीचा आठवा हिस्सा आधी बाजूला काढून वस्तीतल्या म्हाताऱ्या गायकाच्या, ढोलकीवाल्याच्या हाती द्यावा. एका माळ्याला महिना ८० रुपयांत ते जमले होते.