चार कोपरे आणि एक पत्रिका

लग्नाला पन्नास वर्षं झाली की हल्ली जळगाव-धुळ्याकडेही लेकी-सुना मिळून चिकटवहीचं एखादं पान सजवतात. मधे जोडीचा फोटो, भोवती चमकी आणि कागदी फुलं, वर ‘सुवर्णमहोत्सव’. हौसेला नावं ठेवायचं कारण नाही. पण नुसती नावं बदलली तर तेच पान शेजारच्या जोडप्यालाही चालून जातं, आणि तिथेच ते फसतं. पान त्या दोघांचंच व्हायचं असेल तर सजावटीआधी घरातला अस्सल कागद हवा. धुळ्याला हा आग्रह नवा नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगावची दप्तरं धुंडाळून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली. 31 डिसेंबर 1926 रोजी ते धुळ्यातच गेले आणि त्यांचं जमवलेलं दप्तर सांभाळायला तिथे संशोधन मंडळ उभं राहिलं. कागद आधी, कथा मागून, ही त्यांची शिस्त संसारालाही लागू पडते.

जुनी लग्नपत्रिकाच घ्या. पत्त्यात ‘जि. पूर्व खानदेश’ छापलं असेल तर जिल्ह्याचं नाव जळगाव होण्याआधीचं, म्हणजे साधारण 1960 पूर्वीचं ते लग्न. तारीख फाटून गेली तरी चालेल. त्याहून मोलाचं म्हणजे ‘चि. सौ. कां.’च्या पुढे वधूचं माहेरचं नाव असतं. सासरी नाव बदललेल्या कित्येक बायकांच्या बाबतीत घरात उरलेला तो एवढाच पुरावा असतो.

हे कागद पानावर बसवायचं जुनं साधन म्हणजे काळ्या पानांच्या अल्बममधले कागदी कोपरे. एवढासा त्रिकोणी खिसा, मागे गोंद. गोंद पानाला लागतो, फोटोला नाही. फोटो चार खिशांत अडकून राहतो आणि हवा तेव्हा निघतो. निघायला हवाच, कारण मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो, कुणीतरी घाईत लिहिलेली तारीख असते. नंतर आलेल्या, प्लास्टिकचा पडदा असलेल्या चिकट पानांच्या अल्बमने ही सोय घालवली. त्या पानांना फोटो पाठीने असा चिकटतो की सोडवताना फाटतो. लॅमिनेशनचं तर विचारूच नका; ते सुरक्षित वाटतं, पण एकदा झालं की परत फिरता येत नाही. त्यात आपल्याकडचा मे महिना. उष्णतेने गोंद पाझरतो, स्वस्त प्लास्टिक फोटोला डसतं आणि सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो आणखी लालसर होत जातात. म्हणून पानावर मूळ फोटोची प्रत लावावी असं कुणी म्हणेल. रंगीत फोटोपुरतं ते मान्य. पत्रिका मात्र अस्सलच हवी, कोपऱ्यांत बसवलेली.

खरा आक्षेप वेगळाच आहे: लग्नाच्या वाढदिवसाची भेट म्हणजे काय दप्तरखाना आहे? नाही, पण म्हातारी माणसं अशा पानावर बोट ठेवतात ते फुलांवर नव्हे, मांडवात मागे उभ्या असलेल्या मामावर. अडचण पुढे आहे. ज्यांच्या लग्नात फोटोवालाच नव्हता, पत्रिका छापलीच नाही, त्यांचं काय? लग्नाच्या नोंदणीचा कायदा मुंबई राज्यात 1953 मध्येच आला होता, पण खेड्यापाड्यांत नोंदणीला जातं कोण? अशा घरांत उरतं ते फक्त बोलणं, आणि त्यातही म्हातारे बोलतात, म्हातारी पदर सावरत ‘ते सांगतील ना’ म्हणते. मग तिला एकटीला गाठून विचारावं लागतं आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत उतरवावं लागतं. जळगावला त्याचा धडा आहे: अक्षरओळख नसलेल्या बहिणाबाई चौधरींची गाणी उरली ती त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि सोपानदेवांचे मावसभाऊ यांनी कागदावर टिपून ठेवली म्हणून. तेव्हा घरची म्हातारी ‘मन्ही माय’ म्हणाली तर खाली ‘माझी आई’ असं सुधारून लिहू नये. फोटो नसेल तर पानावर चार कोपरे तसेच चिकटवावेत, मधली जागा मोकळी सोडावी आणि खाली मऊ पेन्सिलीने तिचं वाक्य लिहावं: मांडव कुठे होता, पंगतीला काय होतं, पाणी कुणी भरलं.