गर्भातले संप्रेरक आणि आकारांची जाण

परभणी जिल्ह्यातल्या चारठाण्यात यादवकालीन मंदिरांचे अवशेष आहेत. अशा जागी आडवा पडलेला कोरीव दगड दिसला, की तो उभा असताना कसा दिसत असेल हे आपण मनातच फिरवून पाहतो. शेपर्ड आणि मेट्झलर या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये ठोकळ्यांची चित्रे दाखवून हीच क्षमता मोजली. चित्र जितके जास्त फिरवलेले, तितका उत्तराला वेळ जास्त लागतो, असे त्यांना दिसले.

या चाचणीत पुरुषांची सरासरी बायकांपेक्षा वरचढ येते. ही फक्त सरासरी. अनेक बायका अनेक पुरुषांना मागे टाकतात. पण हा फरक येतो कुठून?

एक संशय गर्भावस्थेवर आहे. मुलाच्या गर्भात साधारण आठव्या आठवड्यापासून वृषणे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक तयार करू लागतात. त्याचा परिणाम मेंदूवर होतो का, हे तपासायला कुणी गर्भाला संप्रेरक देणार नाही. मात्र 'सीएएच' या जन्मजात आजाराने तशी संधी दिली. यात बहुधा एका विकराची उणीव असते. त्यामुळे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींना पुरेसे कॉर्टिसॉल बनवता येत नाही. मेंदूकडून 'आणखी बनवा' असा निरोप येत राहतो आणि कच्चा माल पुरुषी संप्रेरकांकडे वळतो. म्हणजे मुलीच्या गर्भालाही ती जास्त मिळतात.

अशा मुली गाड्या, ठोकळे यांच्याशी अधिक खेळतात, हे वारंवार आढळले आहे. आकार फिरवण्यातही त्या सरस ठरतात का? २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा उत्तर 'हो' आले. २०२० मध्ये कोलेअर आणि हाइन्स यांनी पुन्हा हिशेब मांडला; त्यांना तसा पुरावा सापडला नाही.

दुसरा धागा संगोपनाचा, तो मेघालयातला. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खासी आणि कार्बी गावकऱ्यांना चार तुकड्यांचे कोडे जुळवायला दिले. पितृवंशीय कार्बींमध्ये पुरुष जलद निघाले. खासींमध्ये घराणे आईकडून चालते आणि वारसा धाकट्या लेकीकडे जातो; तिथे फरक उरला नाही. शेजारशेजारच्या या समाजांत शिक्षणातली तफावतही महत्त्वाची ठरली.

सरावानेही फरक पडतो. २००७ च्या एका प्रयोगात दहा तासांच्या व्हिडिओ गेमने स्त्री-पुरुषांमधले अंतर बरेच कमी केले. गर्भातल्या संप्रेरकांचा वाटा किती, यावर वाद चालू राहील. मुलीला ठोकळे आणि भूमिती द्यायला मात्र त्या निकालाची वाट पाहायचे कारण नाही.