मोटारीच्या एंजिनाचे फेरे कां बदलतात ?

ज्या कुटुंबांत पंधरा-वीस वर्षांची मोटार अद्याप वापरांत आहे, त्यांतील मंडळींस एक शंका वारंवार छळते. साताऱ्याहून सांगलीस निघावें. कराडपर्यंत महामार्ग प्रशस्त. वेगाचा कांटा ताशीं ८० किलोमीटरवर स्थिर. आणि तरीही एंजिनाचा सूर मध्येंच चढतो व कांहीं क्षणांनीं उतरतो. फेरे दाखविणारी दुसरी तबकडी ज्या गाडींत असते, तींत तर हा चढउतार डोळ्यांनींच दिसतो. गाडीचा वेग तोच असतां एंजिनाचा वेग बदलावा, हें कसें ? हा रोग समजावा, कीं गाडीचा स्वभावच ? उत्तर माहीत नसल्यामुळें कोणी निष्कारण हजारों रुपये दवडतात, तर कोणी खरा दोष अंगावर काढून ऐन घाटांत अडकतात. म्हणून या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम हातानें गिअर बदलण्याची गाडी घेऊं. १९८३ सालीं रस्त्यावर आलेली मारुति ८०० याच जातीची. तिच्या आधींची प्रीमियर पद्मिनीही तीच. ज्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं प्रीमियर कंपनी स्थापिली, त्यांचेंच नांव सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयास आहे, हें वाचकांस ठाऊक असेलच. अशा गाडींत एंजिन व चाकें यांची सांगड दांतेरी चक्रांनीं घातलेली असते. मानूं कीं, वरच्या गिअरमध्यें चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाचे साडेतीन फेरे होतात आणि चाकाचा परीघ पावणेदोन मीटर आहे. ताशीं ८० किलोमीटर म्हणजे मिनिटास सुमारें १३३३ मीटर. तेवढें अंतर कापण्यास चाक सुमारें ७६२ वेळां फिरलें पाहिजे, आणि एंजिन सुमारें २६६७ वेळां. गिअर तोच व वेग तोच, तर एंजिनास दुसरा आंकडा घेण्याची मोकळीकच नाहीं. चढ लागला तर त्यास श्रम अधिक पडतील, आवाज जड होईल. परंतु वेग राखला असेल तोंवर फेरे तेच राहतील.

आतां दोन्ही कांटे एकदमच खालीं-वर होऊं लागले, तर दोष सांगडींत नसून एंजिनाच्या पोटांत असतो. पेट्रोलची गाळणी तुंबली किंवा ठिणगी देणारा प्लग झिजला, म्हणजे एंजिनाची शक्ति तुटते व गाडीचा वेगही तिच्याबरोबर पडतो. परंतु गाडीचा वेग न वाढतां एंजिनाचेच फेरे चढले, तर मधली सांगड कोठें तरी निसटत आहे, असेंच अनुमान केलें पाहिजे. दांतेरी चक्रें निसटत नाहींत. निसटतो तो क्लच. विहिरीच्या गुळगुळीत झालेल्या चाकावरून दोर घसरावा, तशी झिजलेली क्लचप्लेट एंजिनाच्या चाकावर घसरते. भार अधिक तेथें ही घसरण प्रथम दिसते. म्हणजे वरच्या गिअरमध्यें, चढावर, माणसें व सामान भरलेलें असतां. पाठोपाठ जळका वासही येतो. अशी गाडी घेऊन पुण्याच्या वाटेवरील खंबाटकीसारखी चढण चढूं नये. मागें भरलेला ट्रक व पुढें चढ, अशा ठिकाणीं एंजिन ओरडत असतां गाडी जागची न हलणें हें जिवावरचें संकट आहे. क्लचच्या पेडलवर पाय टेकवून गाडी हांकण्याची संवय प्लेट लवकर झिजविते. ती संवय आधीं सोडावी. तसेंच पेडलचा मोकळा खेळ पुरेसा नसल्यानेंही प्लेट घसरते, म्हणून तोही तपासून घ्यावा.

आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचा न्याय मात्र निराळा आहे. हेर्मान फोटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं द्रवाच्या द्वारें शक्ति पोंचविण्याच्या यंत्राचें पेटंट घेतलें. त्याच तत्त्वावर या गाड्यांतील टॉर्क कन्व्हर्टर चालतो. समोरासमोर दोन पंखे ठेवून एक चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराही फिरूं लागतो, परंतु थोडा मागें राहतो. वाऱ्याच्या ठिकाणीं तेल कल्पावें. ही पिछाडी म्हणजे इंधनाचा अपव्यय. तो टाळण्यासाठीं वेग स्थिर झाला म्हणजे आंतील एक लहानसा क्लच दोन्ही पंखे जखडून टाकतो. अमेरिकेच्या पॅकार्ड मोटारींत ही योजना १९४९ सालीं आली. पुढें ती सार्वत्रिक झाली. जखडतांना एंजिनाचे दोनतीनशें फेरे उतरतात. पुलाचा चढ आला, ॲक्सिलरेटर अधिक दाबला किंवा ब्रेकला पाय लागला, कीं कुलूप सुटतें आणि तितकेच फेरे पुन्हां चढतात. चढ मोठा असेल तर खालचा गिअरही पडतो. मग फेऱ्यांतील फरक त्याहून मोठा दिसतो. हिंवाळ्यांत पहांटे साताऱ्याहून निघाल्यास तेल तापेपर्यंत हें कुलूप लागतच नाहीं, म्हणून पहिले कांहीं किलोमीटर फेरे अधिक दिसतात. हा सर्व स्वभाव होय. यासाठीं गिअरपेटी उघडूं देऊं नये. तिचा खर्च कित्येकदां जुन्या गाडीच्या किमतीशींच स्पर्धा करतो.

मात्र सपाट रस्त्यावर, एंजिन तापलेलें असतां, पाय स्थिर असतां, कुलूप दर चार-सहा क्षणांनीं लागूं-सुटूं लागलें किंवा लागतांना गाडी थरथरूं लागली, तर तो दोष खरा. तेथें प्रथम गिअरपेटींतील तेल पाहावें. तें कमी, काळें किंवा करपल्या वासाचें असेल तर त्याची व्यवस्था करावी. उष्णता व ॲक्सिलरेटरची स्थिति मोजणारे विजेचे भाग त्यानंतर तपासावेत. पेटी खोलणें हा शेवटचा उपाय.

आपल्या शास्त्रकारांनीं कारण ओळखण्यास अन्वय-व्यतिरेकाची कसोटी सांगितली आहे : जें असतां कार्य घडतें आणि जें नसतां घडत नाहीं, तें कारण. मोटारीसही तीच लावावी. शेजारीं बसलेल्या गृहिणीनें किंवा मुलानें कागदावर चार गोष्टी टिपाव्यात : फेरे बदलले तेव्हां गाडीचा वेग बदलला कीं नाहीं, रस्ता सपाट होता कीं चढाचा, एंजिन तापलें होतें कीं गार, आणि चालकाचा पाय हलला होता काय. हांकणाऱ्यानें दृष्टि रस्त्यावरच ठेवावी. कराडहून पेठ नाक्यापर्यंतच्या वाटेंत एवढें टिपण सहज होतें. तें हातीं असलें, म्हणजे सांगलीच्या कारागिरासही दोष शोधणें सोपें जाईल, आणि नको तें काम गळ्यांत पडण्याचें भय राहणार नाहीं.