राष्ट्रवादी कोण आणि राष्ट्रवादी कोणती?

इंग्रजी लिपीत एक सोय आहे, ती आपल्या देवनागरीत नाही. ‘रिपब्लिकन’ या शब्दाचे पहिले अक्षर मोठे काढले की तो पक्ष होतो. लहान काढले की प्रजासत्ताकावर विश्वास असणारा कोणीही. आपल्याकडे अक्षर एकाच मापाचे. शिवाय रेडिओवर मोठे अक्षर ऐकू येत नाही, ते वेगळेच! मग पक्षाचे नाव कोणते आणि विचाराचे विशेषण कोणते, हे आपण ओळखतो कसे?

आमच्या करकंबला चहाच्या हॉटेलात ‘तो राष्ट्रवादी आहे’ असे कोणी म्हटले, तर 1999 पूर्वी त्याचा अर्थ एकच होता. त्या वर्षी 10 जूनला राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन झाला. बोलण्याच्या ओघात ‘काँग्रेस’ गळाले आणि नुसते विशेषण नाम होऊन बसले. तेही स्त्रीलिंगी, कारण गळालेली काँग्रेस स्त्रीलिंगी होती. म्हणून ‘राष्ट्रवादी जिंकली’. विचार असेल तर ‘राष्ट्रवादी माणूस’, पक्ष असेल तर ‘राष्ट्रवादीचा माणूस’. हा ‘चा’ म्हणजे आपले मोठे अक्षर. ‘ते राष्ट्रवादी सोडून गेले, पण राष्ट्रवादीच राहिले’ हे वाक्य त्यामुळेच कुणाला कोड्यात टाकत नाही. जुलै 2023 मध्ये पक्ष फुटला तेव्हा मात्र ‘चा’ही अपुरा पडला, ‘कोणत्या राष्ट्रवादीचा?’ असे विचारावे लागले. फेब्रुवारी 2024 मध्ये निवडणूक आयोगाने नाव व घड्याळ एका गटाला दिले आणि दुसऱ्याने नावापुढे नेत्याचे नाव जोडले.

दुसरी युक्ती उसन्या शब्दाची. डॉ. आंबेडकरांच्या संकल्पनेतला पक्ष त्यांच्या निधनानंतर, ऑक्टोबर 1957 मध्ये स्थापन झाला. आपण त्याला ‘रिपब्लिकन’च म्हणत आलो, ‘प्रजासत्ताक’ हा शब्द 26 जानेवारीसाठी राखला. टिळकांच्या काळी काँग्रेसला ‘राष्ट्रीय सभा’ म्हणत. पुढे ‘काँग्रेस’ हेच नाव रुळले. तिसरी युक्ती आद्याक्षरांची. सांगोल्यात ‘शेतकरी’ म्हटले तर शेती करणारा, ‘शेकाप’ म्हटले तर पक्ष.

‘जहाल’ आणि ‘मवाळ’ यांची गोष्ट निराळी. 1907 च्या सुरत अधिवेशनात काँग्रेस दुभंगली ती याच दोन गटांत. पण ही नावे कोणत्याही पक्षाच्या पाटीवर कायमची चिकटली नाहीत, त्यामुळे ती मोकळी राहिली. आजही कुठल्याही पक्षात जहाल आणि मवाळ असतात.

खरी अडचण ‘समाजवादी’ या शब्दाची. 1948 मध्ये समाजवादी मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली. त्यांच्या पक्षांची नावे बदलत गेली आणि 1977 मध्ये त्यांतले बहुतेक जनता पक्षात गेले. 1992 मध्ये उत्तर प्रदेशात ‘समाजवादी पार्टी’ निघाली. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या जुन्या कार्यकर्त्याने ‘मी समाजवादी’ म्हटले, की समोरचा विचारी, ‘म्हणजे मुलायमसिंहांचे?’ आयुष्यभर बाळगलेली ओळख सांगायला माणसाला खुलासा जोडावा लागला.

हाच शब्द कायद्यातही आहे. 1976 च्या दुरुस्तीने तो राज्यघटनेच्या उद्देशिकेत आला. 1989 पासून नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही यांवर निष्ठा असल्याचे आपल्या घटनेत लिहून द्यावे लागते. लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम 29-अ तसे सांगते. म्हणजे कागदोपत्री सगळेच समाजवादी! शरद जोशींना हे पटले नाही. त्यांचा स्वतंत्र भारत पक्ष खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता. जे मानत नाही त्यावर निष्ठा कशी वाहायची, असा त्यांचा प्रश्न होता आणि तो घेऊन ते मुंबई उच्च न्यायालयात गेले. त्यांचा विचार पटो न पटो, शब्द गंभीरपणे घेणारा माणूस म्हणून मला त्यांचा आदर वाटतो.

कारण शब्द कोणी गंभीरपणे घेतला नाही, तर तो नुसती पाटी होतो. पाटीखालचे दुकान बदलले तरी गिऱ्हाईक जुन्याच सवयीने आत शिरते. मत मागायला कोणी दारात आले, की पक्षाचे नाव ऐकून घ्यावे आणि मग विचारावे, ‘या नावातला विचार तुम्ही पाळता का? उसाच्या दराबाबत, पाण्याबाबत तो काय सांगतो?’ हे विचारायला मोठे अक्षर लागत नाही.